शाकारणी कुणी करायची?

मे महिना सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावर एकच शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. छपरावर चढलेला गडी कौले परततो, फुटकी काढून धड बसवतो. तो घर शाकारतो. खाली पुळणीवर होडी वर ओढून तिच्यावर झावळ्या नाहीतर ताडपत्री घालणारा नाखवा होडी शाकारतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाने गाठण्याआधी हे काम उरकावे लागते. घराला आणि होडीला एकच क्रियापद लाभले ते उगीच नाही. खारा वारा आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत दरवर्षी हात फिरवल्याशिवाय काहीच टिकत नाही, हे इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक कारभारातून नेमके हेच क्रियापद हरवले आहे. जुनी इमारत पडायला आली की ती पाडून टॉवर उभारायला कायदा, पैसा आणि उत्साह सगळे हजर असते. किनारा खचला की कोट्यवधींच्या दगडांची भिंत मंजूर होते. मधल्या वीस-तीस वर्षांत थोडक्या खर्चात दोन्ही वाचले असते, पण त्या काळात त्या कामावर कुणाचेच नाव नसते. वारसा इमारतींसाठी वास्तुरचनाकार बोलतात, कोळीवाड्यांसाठी मच्छीमार संघटना बोलतात, आणि वर्तमानपत्रेही दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापतात. दुखणे मात्र एकच आहे.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, घ्या. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडला, जहाजाने आला आणि १८६०च्या दशकात मुंबईत जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा याच वास्तूत दाखवली गेली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर सतरा वर्षांनी आला. पुढे हॉटेल बंद पडले, मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या झाल्या, तिथे कार्यालये आणि बिऱ्हाडे थाटली गेली. २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळून माणूस दगावला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या यादीत तिची नोंद जगातील सर्वाधिक धोक्यातल्या १०० वास्तूंमध्ये केली. भाडेकरू बाहेर निघाले ते २०१९ मध्ये. त्या सुमारास आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याकडे कल दिला आणि वारसा-तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. पाडायची की राखायची हा वाद न्यायालयापर्यंत गेला. या सगळ्यात एक आकडा मागे पडतो: अपघातापासून इमारत रिकामी होईपर्यंत गेलेली चौदा वर्षे. जगाने धोक्याची घंटा वाजवल्यावरही चौदा पावसाळे ते लोखंड तसेच गंजत राहिले.

ही एका मालकाच्या कद्रूपणाची गोष्ट नव्हे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला तो आधार गरजेचाच होता. पण तो तात्पुरता इलाज अर्धे शतक चालला. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला ती आपली वाटेना. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापून इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा १९,६४२ इमारती त्या यादीत होत्या. उपकर इतका तुटपुंजा की त्यातून टेकू लावता येत, इमारत उभी राखता येत नसे. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरीच्या गल्ल्यांतले लाकडी टेकू ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग आले चटईक्षेत्र. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला वाढीव क्षेत्रफळ दिले. जुनी नीट दुरुस्त करणाऱ्याला त्याच्या पासंगालाही पुरेल असे काही मिळाले नाही. १९९५ मध्ये मुंबईने देशात पहिल्यांदा शहरासाठी वारसा नियमावली आणली, याचा अभिमान खराच. पण चारच वर्षांत, १९९९ मध्ये, वारसा यादीतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे श्रेणी-३ मधल्या उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासासाठी वारसा समितीच्या परवानगीतून सूट मिळाली. शहराचा चेहरा घडतो तो याच श्रेणीतल्या वास्तूंनी. मध्ये चौक असलेल्या चाळी, लाकडी कठड्यांचे सज्जे, खोताच्या वाडीतले बाहेरून जिना असलेले बंगले, ही सगळी मंडळी याच खालच्या पायरीवरची. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हात लावायची कुणाची छाती नाही. खोताच्या वाडीतले निम्म्याहून अधिक बंगले मात्र नाहीसे झाले.

चाळीत राहणाऱ्याने मोडक्या जिन्यावरून कायम चढावे, सामायिक संडासापुढे रांग लावावी आणि बाहेरच्यांनी त्या चाळीचे फोटो काढावेत, अशी अपेक्षा कुणी करू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्या घरांतल्या लोकांना भक्कम छप्पर हवे होते, आणि तो त्यांचा हक्क होता. प्रश्न एवढाच की भक्कम छप्पर मिळवण्याचा एकच मार्ग, तोही पाडापाडीचा, राज्याने मोकळा का ठेवला? गिरगावातले रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद होते. मालकांनी संवर्धन-तज्ज्ञांच्या हाती ते सोपवले आणि २०१६ मध्ये त्याचा पडदा पुन्हा उघडला. मालक गोंडलचे राजघराणे होते, म्हणून ते जमले. पागडीच्या इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांमागे राजघराणे नसते. त्यांच्यामागे सरकारनेच उभे राहायला हवे.

गिरगावातून वरळीला गेले की हीच गोष्ट खाऱ्या पाण्याच्या काठावर भेटते. वरळीचा किल्ला वारसा म्हणून सगळ्यांना मान्य. त्याच्या पायथ्याचा कोळीवाडा त्याच्याही आधीचा, तरी कागदावर त्याची हद्द पक्की करायला सरकारला वर्षानुवर्षे वेळ मिळाला नाही. मुंबईतील कोळीवाड्यांचे सीमांकन रखडले आणि काही ठिकाणी गावठाणालाच झोपडपट्टी ठरवण्याच्या हालचाली झाल्या. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी जाण्यासाठी खांबांमध्ये ६० मीटरचे अंतर आखले होते. खवळलेल्या समुद्रात बोट सरळ रेषेत जात नाही, वारा तिला खांबावर फेकतो, हे वरळीचे मच्छीमार ओरडून सांगत होते. त्यांनी १६० मीटर मागितले, कामाच्या जागी बोटी नेऊन आंदोलन केले, आणि अखेर एक खांब वगळून अंतर १२० मीटर झाले. हे शहाणपण आराखडा काढतानाच विचारले असते तर कुणाचे काय बिघडले असते?

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे त्यांतले जलदुर्ग. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे. समोरच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या त्याला मान जातो. खांदेरीचा तट जपायचा आणि त्या वेताळाला नारळ नेणारे गाव मात्र उधाणाच्या हवाली करायचे, असा वारसा अर्धाच उरेल. मुरूडजवळचा पद्मदुर्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथली एक गोष्ट आठवत असेल. तटाचे काळे दगड लाटांनी झिजून आत गेले आहेत, आणि त्यांना जोडणारा चुना मात्र मधमाशांच्या पोळ्यासारखा बाहेर उभा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला समुद्राशी कसे वागायचे ते कळत होते.

आज तो समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वेग वर्षाला दीड मिलिमीटरहूनही कमी होता. २००६ नंतर तो ३.७ मिलिमीटरवर गेला. केंद्राच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा किनारा धुपत असल्याचे दिसले. मालवणजवळचे देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथे प्रत्येक पावसाळ्यात माडांची एखादी रांग पाण्यात जाते. पालघरमधल्या सातपाटीला उधाणाचे पाणी वस्तीत शिरणे आता नवलाचे राहिलेले नाही.

यावर सरकारकडे तयार उत्तर आहे ते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे. गावेही तोच मागतात, कारण उंबऱ्याशी लाट आलेल्या माणसाला दुसरे काही सुचवलेलेच नसते. काही ठिकाणी बंधारा लागेलच. पण दगडांच्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथून पुढच्या वाडीची धूप वाढते. दोन-चार पावसाळ्यांत दगड खचतात, मग त्यांच्यावर नवे दगड. त्यातही वाईट हे की होडी वर ओढायला पुळणच उरत नाही. एका बाजूने असा किनारा आवळायचा आणि दुसऱ्या बाजूने २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणायचा, हे सरकारचे हिशेब मेळ खात नाहीत.

या बाबतीत रायगडच्या खारेपाटाचे उदाहरण फार मोलाचे आहे. खाडीच्या भरतीपासून भातशेती राखणारे मातीचे बांध, त्यांना बाहेरकाठे म्हणतात, आणि पाणी आत-बाहेर करणाऱ्या उघाड्या गावकरी स्वतः सांभाळत. त्या पद्धतीला जोळ म्हणत: घरटी माणूस बाहेर पडे आणि बांधाला खांड पडण्याआधीच माती चढे. गोव्यात हेच काम खाजण जमिनींवर गावकारी, म्हणजे जुन्या ग्रामसंस्था, करीत. तिथल्या उघाडीला मानस म्हणतात, आणि मानस सांभाळणाऱ्याला तिथली मासळी धरण्याचा हक्क लिलावाने मिळे. त्या पैशातून बांध राखला जाई. पुढे महाराष्ट्रात बांध सरकारी खात्याकडे गेले, गोव्यात मुक्तीनंतर जुनी व्यवस्था मोडून ते कुळांच्या संघटनांकडे आले. दोन्हीकडे जबाबदारी कागदावर राहिली आणि फावडे कोपऱ्यात पडले. खांड पडली की एका उधाणात शेत खारावते, पुढची काही वर्षे तिथे दाणा पिकत नाही, मग खारफुटी वाढते. खारफुटी किनाऱ्याची राखण करते हे खरे, पण ती कायद्याने संरक्षित असल्याने शेतकऱ्याला स्वतःच्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत पाऊल टाकता येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीच्या बाजूला घरेच्या घरे उघडी पडली. चिऱ्याच्या भिंती पुष्कळ ठिकाणी उभ्या होत्या. गेली ती कौले आणि वासे. पाऊस तोंडावर होता, कौले मिळत नव्हती, जाणकार सुतारही हाताशी नव्हते, आणि मदतीच्या निकषांत घर पक्के, कच्चे किंवा झोपडी एवढेच असते. लोकांनी मिळेल तो पत्रा ठोकला. कुणाला दोष द्यायचा? पण त्या एका पावसाळ्यात किती जुन्या घरांचे छप्पर कायमचे बदलले, याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात झाली नाही.

तेव्हा मागणी साधी आणि पैशाची आहे. बंधाऱ्यासाठी निधी मंजूर होतो तेव्हाच त्याच्या दरवर्षीच्या दुरुस्तीची रक्कमही बांधून द्यावी, आणि ती ग्रामपंचायत किंवा मच्छीमार सहकारी संस्थेच्या हाती असावी. जोळीत काम करणाऱ्याला रोजगार हमीची मजुरी मिळावी. मुंबईत श्रेणी-३ ची १९९९ ची सूट मागे घ्यावी, आणि जो मालक व भाडेकरू मिळून इमारत राखतील त्यांना, पाडणाऱ्याला मिळते त्या तोलाचे हस्तांतरणीय विकास हक्क मिळावेत. कोळीवाड्याची हद्द आखताना फक्त घरांच्या भिंती मोजू नयेत. बोंबील वाळवायच्या वलांड्या, जाळी विणायची जागा आणि पावसाळ्यात होड्या ठेवायची पुळण हेही नकाशावर यावे. नकाशावर जे नाही ते उद्या मोकळा भूखंड ठरते, हे मुंबईच्या कोळ्यांनी अनेकदा सोसले आहे.

यात कुठलीही गोष्ट अशक्य नाही, पण वेळ पाळावी लागेल. मोठे उधाण जूनच्या अमावास्या-पौर्णिमेपासून लागते. बाहेरकाठ्याची माती भात कापल्यानंतर आणि पावसाआधी, साधारण डिसेंबर ते एप्रिलमध्येच चढवता येते. कौलेही पावसाआधीच परतावी लागतात. म्हणजे दुरुस्तीचा पैसा दिवाळीच्या सुमारास गावात पोहोचायला हवा. आज तो पोहोचतो तेव्हा होड्या शाकारून झालेल्या असतात, बांधाला खांड गेलेली असते आणि तलाठी पंचनाम्याचे कागद घेऊन गुडघाभर पाण्यात उभा असतो.