कानात सुई, गालात बार

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. पॉलिशच्या मशीनपुढे दिवसभर उभा राहणारा कामगार खोकला घेऊन सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा बिडीचा विषय निघतोच. सोडायचा प्रयत्न केला का, असे विचारले की अधूनमधून एक उत्तर येते : कानात सुया टोचून घेतल्या, तीन आठवडे एकही ओढली नाही, मग पुन्हा सुरू झाली. काळजी वाटावी असे वाक्य त्याच्या पुढचे असते. "साहेब, सुईनेसुद्धा सुटली नाही, म्हणजे आता आपल्याच्याने होणार नाही."

बिडी पुन्हा सुरू होणे यात नवल नाही. कोणतीही मदत न घेता तंबाखू सोडणाऱ्या शंभर जणांपैकी जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. बहुतेकांना अनेक प्रयत्न करावे लागतात. पण माणूस मनापासून सोडायला निघतो असे दिवस आयुष्यात फार थोडे येतात, आणि तसा एक दिवस ज्या उपचाराचा आधार कच्चा आहे त्यावर खर्च झाला, तर उपचार फसला असे त्याला वाटत नाही. आपणच फसलो, असे वाटते. ॲक्युपंक्चरबद्दल तक्रार करायची तर ती इथे आहे.

ही कल्पना कुठून आली ते पाहण्यासारखे आहे. १९७२ मध्ये हाँगकाँगचे मेंदूशल्यविशारद डॉ. एच. एल. वेन शस्त्रक्रियेपूर्वी बधिरतेसाठी सुयांचा वापर करून पाहत होते. त्यांच्या रुग्णांमध्ये काही अफूचे व्यसनी होते. सुयांना सौम्य वीजप्रवाह दिल्यावर त्यांची अफूची तगमग कमी झाल्याचे वेन यांच्या लक्षात आले. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयाने त्यातून कानाच्या पाच बिंदूंची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. अफूसाठी निघालेली वाट मग सिगारेटकडेही वळली. सुईवाले लबाड आहेत, असे म्हणण्याचे काही कारण नाही. एका डॉक्टरच्या खऱ्याखुऱ्या निरीक्षणातून हे सुरू झाले. प्रश्न पुढे त्याची कसोटी कशी लागली, हा आहे.

कसोटी लावायची रीत सोपी आहे. अर्ध्या लोकांना 'बरोबर' बिंदूंवर सुया टोचायच्या आणि अर्ध्यांना भलत्याच ठिकाणी, किंवा टोचल्यासारखे फक्त भासवायचे. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू द्यायचे नाही. सहा महिन्यांनी किती जण सुटलेलेच राहिले ते मोजायचे. उपचारांचे पुरावे तटस्थपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये सुई, दाब आणि लेझर यांचे असे ३८ अभ्यास एकत्र तपासले. पहिल्या काही आठवड्यांत खऱ्या सुयांना थोडी आघाडी दिसली. सहा महिन्यांनंतर भरवसा ठेवावा असा फरक उरला नाही. निकोटिनच्या च्युइंगगम किंवा पट्टीशी तुलना केली, तिथे सुई मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यातही अशा पूरक उपचारांची शिफारस करावी किंवा करू नये, यापैकी काहीही सांगण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

यावर एक उत्तर हमखास मिळते : सरकारने तर मान्यता दिली आहे! दिली आहे, हे खरे. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती कायदा केला, २०१९ मध्ये केंद्रानेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती मानले. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर चीनला गेलेले डॉ. बिजॉय बसू यांनी ही विद्या भारतात आणली, हेही मराठी माणसाला जवळचे वाटते. पण कायदा ठरवतो तो उपचार कोणी करावा आणि नोंदणी कुठे व्हावी. अमुक आजारावर त्याचा गुण येतो की नाही, हे विधिमंडळात ठरत नसते. एमबीबीएसची पदवीही मान्यताप्राप्तच आहे, म्हणून त्या पदवीखाली लिहिलेले प्रत्येक टॉनिक उपयोगी ठरत नाही.

मग लोक सुईकडे का जातात? कारण तिथे कोणीतरी अर्धा तास बसवून घेते. किती वर्षे ओढता, पहिली केव्हा पेटवता, घरी कोण रागावते, हे विचारते. पुढच्या बैठकीची तारीख देते आणि त्या तारखेला वाट पाहते. सरकारी ओपीडीत त्याच माणसाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात आणि केसपेपरच्या तळाशी 'तंबाखू बंद करा' एवढी ओळ पडते. तीही कधीकधी वाचता येत नाही! पहिल्या आठवड्यांत सुईने जो थोडाफार आधार दिला, त्यातला बराचसा या अर्ध्या तासाचा असण्याची शक्यता आहे.

ज्या उपचारांना आधार पक्का आहे, ते महाग किंवा दुर्मिळही नाहीत. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते अशांना चार मिलिग्रॅम लागू शकते, त्याला चिठ्ठी हवी. ते गोळीसारखे चावून गिळायचे नसते. जिभेला चुरचुरले की थांबायचे आणि गालात धरून ठेवायचे, चव गेली की पुन्हा थोडे चावायचे. (गालात बार धरायची सवय असलेल्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.) आधी पंधरा मिनिटे चहा नको. आठ ते बारा आठवडे हळूहळू कमी करत घेतले, तर टिकून राहण्याची शक्यता साधारण दीडपट होते. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या. त्यांतली व्हॅरेनिक्लिन च्युइंगगमपेक्षाही परिणामकारक आहे.

आणखी एक गोष्ट सुईच्या चर्चेत हरवते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे. म्हणजे तंबाखू-चुना, मिश्री, आणि २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा. सुयांचे वर सांगितलेले अभ्यास धूम्रपान करणाऱ्यांवरचे आहेत. बार भरणाऱ्याला किंवा सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बाईला तेच आश्वासन देणे म्हणजे शर्ट एकाच्या मापाचा आणि घालायचा दुसऱ्याने. निकोटिनचे च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन यांची शिफारस मात्र जागतिक आरोग्य संघटनेने खाण्याच्या तंबाखूसाठीही केली आहे.

म्हणून अपेक्षा दोघांकडून आहे. नोंदणीकृत ॲक्युपंक्चर करणाऱ्यांनी 'इतक्या बैठकांत व्यसनमुक्ती' असा शब्द देऊ नये. सहा महिन्यांनंतरचे चित्र रुग्णाला सांगावे, च्युइंगगम सुरू असेल तर ते बंद करायला लावू नये, आणि सुई दरवेळी नवी, निर्जंतुक असावी. हावरेपणा, चिडचिड, उडालेली झोप यांत सुयांनी बरे वाटते असे कोणाला वाटत असेल, तर जोडीला घ्यायला हरकत नाही. फक्त च्युइंगगमच्या जागी नको.

सरकारी यंत्रणेकडून अपेक्षा जास्त आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची तरतूद आहे. भाईंदरच्या कामगाराला त्यासाठी घोडबंदरच्या वाहतुकीतून ठाणे गाठायचे तर हजेरी बुडते, आणि एकदा बुडाली की दुसऱ्यांदा तो जात नाही. ही सोय टेंभ्याच्या रुग्णालयापासून महापालिकेच्या आरोग्य केंद्रांपर्यंत सगळीकडे, कामावरून सुटल्यावर गाठता येईल अशा वेळी मिळायला हवी. च्युइंगगमचे पाकीट तिथेच हातात पडायला हवे. आणि तिसऱ्या दिवशी, जेव्हा तलफ सर्वांत जोर धरते, तेव्हा त्याला कोणीतरी फोन करायला हवा. तोवर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे. केसपेपरवर 'तंबाखू बंद करा' लिहिताना त्याखाली निदान हा नंबर वाचता येईल अशा अक्षरात लिहिता येतो.