कसब्याचा निकाल आधीच लागलेला असतो

निवडणूक आली की आमच्या ग्रुपमध्ये एक वाद ठरलेला असतो. पक्ष बघून मत द्यायचं की माणूस बघून? अर्धे म्हणतात पक्ष, अर्धे म्हणतात माणूस, आणि दुसरा चहा येईपर्यंत कोणीतरी शहाणा म्हणतो, "दोन्ही बघायचं रे!" झालं, वाद संपला.

माझं म्हणणं असं की हा वादच खोटा आहे. माणूस आपण निवडतच नाही. तो आधीच कोणीतरी निवडून ठेवलेला असतो, आपण फक्त त्याच्या नावासमोरचं बटण दाबायचं की नाही एवढंच ठरवतो. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, ड्रॉपडाऊनमध्ये कुठली नावं येणार हे ज्याच्या हातात, सत्ता त्याची. त्यातलं एक नाव सिलेक्ट करणारा युजर उगाच स्वतःला मालक समजतो.

बुधवार पेठेचंच उदाहरण घेऊ. दगडूशेठचा गणपती, तांबडी जोगेश्वरी, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, तपकीर गल्लीतल्या वायरी.. हे सगळं कसबा विधानसभा मतदारसंघात येतं. १९९५ पासून गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ ला ते खासदार झाले आणि आमदारकी मुक्ता टिळकांकडे आली. थोडक्यात, २८ वर्षं एकच पक्ष. अशा ठिकाणी त्या पक्षाचं तिकीट कोणाला, हीच खरी निवडणूक. बाकीचं म्हणजे रिक्षावरचे भोंगे.

२२ डिसेंबर २०२२ ला मुक्ता टिळक गेल्या. पोटनिवडणूक लागली. भाजपकडून पाच-सहा नावं चर्चेत होती: शैलेश टिळक, कुणाल टिळक, हेमंत रासने, गणेश बिडकर, धीरज घाटे. आता नीट बघा. हीच तर ती वेळ होती, जेव्हा बुधवार पेठेतल्या भाजपच्या माणसाला 'यातला कोण?' असा प्रश्न विचारायला हवा होता. कोणी विचारला? पेपरात रोज 'अमुक आघाडीवर', 'तमुक दिल्लीला रवाना' अशा बातम्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रासनेंचं नाव जाहीर झालं. का रासने? का टिळक नाहीत? उत्तर देणं कोणाला बंधनकारकच नव्हतं. त्याच दिवशी मतदान असलेल्या चिंचवडमध्ये याच पक्षाने दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना तिकीट दिलं. एका मतदारसंघात घरातला माणूस चालतो आणि शेजारच्या मतदारसंघात चालत नाही! असेलही त्याला काही कारण. पण नियम लिहिलेला नसला की माणसं आपापला अर्थ लावतात. पुण्यात तो जातीचा लावला गेला. फलक लागले, ब्राह्मण समाज नाराज असल्याच्या बातम्या आल्या, २०१९ ला कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णींचं तिकीट कापून चंद्रकांत पाटलांना दिलं होतं तो हिशोबही वर काढला गेला. २ मार्च २०२३ ला काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास ११ हजार मतांनी निवडून आले.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, "बघ, चुकीचा उमेदवार दिला म्हणून हरले." थांबा. नोव्हेंबर २०२४ ला त्याच रासनेंनी त्याच धंगेकरांना साधारण १९ हजारांनी हरवलं. मग उमेदवार चुकीचा होता की बरोबर? मला त्यात पडायचंच नाही. हरण्या-जिंकण्यावरून उमेदवारीची पद्धत मोजणं म्हणजे प्रोग्रॅम एकदा चालला म्हणून तो बरोबर आहे असं समजणं. माझा आक्षेप निवडलेल्या माणसाला नाही, निवडणाऱ्याला आहे. किंवा निवडणारा कोण हेच माहीत नसण्याला आहे.

आणि हे फक्त भाजपचं नाही. काँग्रेसने २०२३ ला धंगेकरांना तिकीट दिलं तेव्हा बुधवार पेठेतल्या कुठल्या काँग्रेस कार्यकर्त्याने मत टाकलं होतं? नाही. निर्णय फळला एवढंच. २०२४ ला पुन्हा धंगेकर, तर माजी महापौर कमल व्यवहारे बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये खुद्द धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले. ज्या कार्यकर्त्याने दोन-दोन वेळा त्यांच्यासाठी जिने चढले, त्याला येताना विचारलं नाही आणि जाताना सांगितलं नाही.

माझा शाळेपासूनचा एक मित्र एका पक्षाचं बूथ सांभाळतो. कुठला पक्ष ते सोडा, फरक पडत नाही. त्याला त्याच्या यादीतली म्हातारी माणसं, भाडेकरू, दुबईला गेलेला मुलगा, सगळं तोंडपाठ. मी त्याला विचारलं, "तुला कोण हवा होता?" तर म्हणाला, "आपण कोण ठरवणारे? साहेब ठरवतील ते." वीस वर्षं काम केलेला माणूस, आणि 'आपण कोण'! आमच्याकडे काल लागलेला ट्रेनी सुद्धा कोड रिव्ह्यूत तोंड उघडतो हो.

गंमत म्हणजे आपल्यातले निम्मे लोक ऑनसाइटला गेले की अमेरिकेच्या प्रायमरीतले तज्ज्ञ होतात. २००८ ला ओबामा की हिलरी यावर आयोवापासूनचा हिशोब मांडणारे महाभाग मी पाहिलेत. पण कसब्याचं तिकीट कोण ठरवतं हे विचारा, हाताची घडी! अमेरिकेत तरी हे पहिल्यापासून होतं का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी कायदे करून उमेदवारी पक्षाच्या बंद खोलीतून मतपेटीत आणली. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र १९६८ पर्यंत पुढाऱ्यांचंच चालायचं. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. बाहेर रस्त्यावर दंगा झाला, निवडणूक हरले, आणि मग पक्षाने नियम बदलले. सांगायचा मुद्दा हा की कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं. मागावं लागलं.

"आपल्याकडे नाही चालायचं हे" असं म्हणणाऱ्यांना मी वर्ध्याला पाठवतो. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशातल्या सोळाएक मतदारसंघांत असा प्रयोग केला, त्यात आपल्याकडचे वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे विरुद्ध चारुलता टोकस. एक मावळत्या खासदाराचा मुलगा, दुसरी प्रभा रावांची मुलगी. मेघे जिंकले, लोकसभेला भाजपच्या रामदास तडसांकडून हरले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. तिकडे बडोद्यात प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावत यांनी, समोर नरेंद्र मोदी आल्यावर, मधुसूदन मिस्त्रींसाठी जागा सोडली. प्रयोग तिथेच थंडावला.

"म्हणजे फसलाच ना?" फसला. पण का फसला ते बघाल की नाही? मत कोणाला होतं, तर पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि आजी-माजी लोकप्रतिनिधींना. म्हणजे ज्यांना पदं वरून मिळाली त्यांनीच वरच्याच्या मुलाला निवडायचं. साध्या सभासदाला मत नव्हतंच. आणि जिंकलेल्याची जागा वरून फिरवता येत असेल तर ती निवडणूक कसली, तो डेमो झाला. प्रायमरी फसली असं नाही, अर्धवट प्रायमरी फसली.

भाजपनेही २०२४ च्या विधानसभेआधी मतदारसंघातल्या पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची नावं बंद पाकिटात मागवली होती. चांगलंच केलं. पण पाकिटात काय निघालं ते कधी कळलं का? मत द्यायचं आणि निकाल मात्र साहेबांनी मनात वाचायचा! याला मतदान नाही म्हणत, सूचनापेटी म्हणतात.

आता ठरलेले दोन आक्षेप. पहिला: पैसा चालेल, सभासद विकत घेतले जातील. चालेल ना! आत्ता काय तुळशीपत्रावर तिकिटं मिळतात? फरक एवढाच की दहा हजार माणसं विकत घेणं एका माणसाला विकत घेण्यापेक्षा अवघड असतं. आणि सभासद यादी दोन वर्षं आधी गोठवली तर ऐनवेळी ट्रक भरून आणलेल्यांचा उपयोग नाही.

दुसरा: पक्ष ही खासगी संघटना आहे, तिने काय करावं ते सांगणारे आपण कोण? हे मला अजिबात मान्य नाही. पक्षाचं चिन्ह निवडणूक आयोग राखून ठेवतो. पक्षाला आयकरात सूट मिळते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून निवडून आलेल्या आमदाराने सभागृहात पक्षादेश मोडला तर त्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणजे आपण निवडलेला माणूस आपल्यापेक्षा पक्षाला बांधील, हे घटनेतच लिहिलंय. एवढं सगळं सार्वजनिक घेऊन तिकीट वाटताना तेवढे खासगी? सहकारी साखर कारखान्याच्या आणि जिल्हा बँकेच्या संचालकांची निवडणूक घ्यायला राज्यात स्वतंत्र प्राधिकरण आहे. उसाचा सभासद मत देऊ शकतो, पक्षाचा नाही!

या सगळ्याचं टोक म्हणजे एबी फॉर्म. 'ए' मध्ये पक्ष कळवतो की सही करायचा अधिकार कोणाला, आणि 'बी' मध्ये तो अधिकारी कळवतो की आमचा उमेदवार कोण. संपली उमेदवारी. एक सही म्हणजे एक मतदार. १५ जानेवारी २०२६ ला पुण्याची रखडलेली महापालिका निवडणूक झाली, तेव्हा अनेक प्रभागांत याद्या जाहीर न करता शेवटच्या घटकेला थेट एबी फॉर्म हातात दिले गेले. बंडखोरी होऊ नये म्हणून! लोकांना आधी कळलं तर चिडतील, म्हणून कळूच द्यायचं नाही. अरे, बंडखोरी होते कारण हरलेल्याला कधी हरवलेलंच नसतं, फक्त वगळलेलं असतं. मतांनी हरलेला माणूस घरी जातो. कापलेला माणूस अपक्ष फॉर्म भरतो.

यात तुमचं-माझं काय जातं? सांगतो. पेठांमधले जुने वाडे मोडकळीला आलेत. शनिवारवाड्यापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या पट्ट्यात परवानगी लागते. घरमालक-भाडेकरू दोघे अडकलेत, पावसाळ्यात भिंत पडायची वाट बघत. २०२३ ला उमेदवारीसाठी उभं राहून सभासदांपुढे बोलायचं असतं, तर प्रत्येक इच्छुकाला वाड्यांवर काय करणार हे सांगावं लागलं असतं. मला त्यावरून माणूस निवडता आला असता. त्याऐवजी आपण कोण कोणाचा नातेवाईक आणि कोणाची जात काय यावर महिना घालवला. बुधवार पेठेत देहविक्रय करून जगणाऱ्या बायका आहेत. पुण्याला हे माहीत आहे आणि पुणं त्यावर बोलत नाही. ज्यांचं नाव मतदार यादीत आहे त्यांचं मत तुमच्या-माझ्याइतकंच भरतं. पण तिकीट मिळेपर्यंत कुठल्याही इच्छुकाला त्यांच्या जिन्याची पायरी चढायची गरज नसते. त्यातल्या दोनशे जणी एखाद्या पक्षाच्या सभासद असत्या आणि त्यांना उमेदवारीत मत असतं, तर ते जिने आपोआप सापडले असते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सभासदांची यादी उघड हवी. इच्छुकांची नावं मतदानाच्या महिनाभर आधी जाहीर हवीत. सभासदांचं गुप्त मतदान हवं, आकड्यांसकट निकाल हवा, आणि तो फिरवायचा अधिकार वर कोणालाही नको. ब्रिटनच्या टोटनेसमध्ये २००९ ला हुजूर पक्षाने मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला, पक्षाचा असो नसो, पोस्टाने मतपत्रिका पाठवली. सोळा हजारांवर लोकांनी त्या परत धाडल्या आणि निवडली कोण, तर गावातली डॉक्टर, सेरा वोलॅस्टन. जमतं.

पण कोण करणार? इथेच आपली पांढरपेशी मंडळी अडतात. "पक्षाबिक्षात आपण नाही बुवा पडत." मग तिकीट ठरवताना तुम्हाला विचारणार तरी का? मतदानाच्या दिवशी शाईचं बोट दाखवून फोटो काढला की आपलं कर्तव्य संपलं, अशी समजूत आहे. ज्या पक्षाला तुम्ही दर वेळी नाक मुरडत का होईना मत देता, त्याचे सभासद व्हा. पावती घ्या. आणि शहराध्यक्षांना एक पत्र द्या: पुढच्या वेळी कसब्याचा उमेदवार ठरवताना मला मत आहे की नाही, ते लेखी कळवा. एक पत्र गेलं तर कचऱ्यात जाईल. पाचशे गेली तर बैठक लागेल.

आणि उत्तर 'नाही' आलं, तर निदान सभासदत्वाची वर्गणी कशासाठी घेता हे तरी विचारता येईल.