"आपल्यात रानभाजी चालत नाही": खरंच?



बीडच्या बाजारात पाथरीची जुडी दिसली की आपल्यातली एखादी तरी पटकन म्हणते, "आपल्यात रानभाजी चालत नाही." मला हे पटत नाही. धर्माच्या नावावर आपण भलतंच खपवतोय.

नियम काय आहेत? चातुर्मासात पालेभाजी बंद, कारण ओलाव्यात पानापानावर जीव असतात. तिथीला हिरवी भाजी नाही. कंदमुळं अनंतकाय, म्हणून वर्ज्य. बावीस अभक्ष्यांत अजाण फळही आहे, म्हणजे ओळख नसलेलं खायचं नाही. हे सगळं मी पाळते. पण 'रानात आपोआप उगवलेलं नको' असं यात कुठं आहे? कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी निवडून, धुवून आपण करतोच. मग पाथरीनंच काय पाप केलं?

खरं कारण लाज आहे. तरोटा, घोळ, कुर्डू म्हणजे मजुराच्या चुलीवरची, 1972 च्या दुष्काळातली भाजी. ती ताटात आली तर पाहुणे काय म्हणतील!

आणि हे फक्त आपल्या घरांत नाही. पूर्वी खुरपणीला गेलेली बाई तण काढता काढता संध्याकाळची भाजी पदरात घेऊन यायची. आता सोयाबीनवर तणनाशक फवारतात. खुरपणी गेली, तिच्यासोबत भाजीही गेली. शिवाय दसऱ्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी बाया ऊसतोडीला जातात. म्हणजे आपला चातुर्मास सुटतो तेव्हा भाजी ओळखणारीच गावात नसते. मग पुढच्या पिढीला सगळं रान अजाणच होणार.

मजूर मिळत नाही, खुरपणी परवडत नाही, हे शेतकऱ्याचं म्हणणं खरं आहे. त्याला दोष देत नाही. पण श्रावकासाठी सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे आपण तरी विसरू नये. पानावरचा एक जीव चुकूनही मरू नये म्हणून आपण भाजी तीनदा निवडतो. मग बांधावर विष पडलं की किती जीव जातात, याचा हिशोब कोण करणार? ज्यांच्या घरी शेतीच्या औषधांचं दुकान आहे त्यांनी गिऱ्हाइकाला एवढं तरी सांगावं: "दादा, बांध सोडून फवारा."

कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतो, नेमका आपल्या चातुर्मासात. खायचं नाही, पण जाऊन भाजी ओळखायला शिकायला कुणाची बंदी आहे? मुलींना सोबत न्या. आणि थंडीत एखादी मावशी पाथरी किंवा हादग्याची फुलं घेऊन बसली, तर घासाघीस न करता घ्या.

आणि नसेल घ्यायची, तर सरळ "मला आवडत नाही" म्हणा. धर्माला मधे आणू नका.