संकट गेलं, सवय राहिली

२२ जुलै २०२०. नालासोपाऱ्याच्या एसटी डेपोत बस मिळेना म्हणून चिडलेले लोक थेट रेल्वे रुळांवर उतरले. लोकल मार्चपासून बंद होती. १५ जूनला सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. मागणी एकच होती : आम्हालाही कामावर जाऊ द्या.

आपलं शहर राहतं इथे आणि कमावतं मुंबईत, हे त्या दिवशी उघडं पडलं. ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं त्यांचं निभावलं. बाकीच्यांनी मिळेल त्या वाहनाने हायवे गाठला, नाहीतर नोकरी सोडली.

त्याच जूनमध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली. त्यावर मात्र कोणी रुळावर उतरलं नाही. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद. मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेपाच वर्षं ११५ नगरसेवकांच्या जागी प्रशासक!

या काळात काय काय झालं, आठवून बघा. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात आयसीयूला आग लागली. त्याच दिवशी १३ कोविड रुग्ण गेले. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. त्याच ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जीव गेले. ती काही जुनाट चाळ नव्हती, २०१२ च्या सुमाराची इमारत होती.

आता कोणी म्हणेल, नगरसेवक असते तर हे टळलं असतं का? खरं सांगतो, मला तसं वाटत नाही. या इमारती नगरसेवक असतानाच उभ्या राहिल्या. पण निदान दार ठोठावायला एक घर होतं.

कोविडने आपल्याला एक गोष्ट शिकवली : आपली सोय आपण करायची. ऑक्सिजन व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोधला, टँकर वर्गणी काढून मागवला, शेजाऱ्याच्या घरी डबा पोचवला. ही माणुसकी मी जवळून पाहिली आहे, तिला सलाम. पण त्याबरोबर विचारायची सवय गेली. पाणी नाही? टँकर बोलवा. खड्डा आहे? गाडी बाजूने काढा. सत्तेत कोणीही असो, त्याला असा नागरिक फार आवडतो.

मतदार झोपलेला नाही. २०२४ च्या विधानसभेत त्याने वसई आणि नालासोपाऱ्यात ठाकूर पितापुत्रांना घरी बसवलं, आणि या जानेवारीत महापालिका पुन्हा बविआच्याच हाती दिली. पण मत पाच वर्षांतून एकदा देतो, प्रश्न रोज पडतात.

म्हणून एक विनंती. तुमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? जवळच्या रुग्णालयाचं फायर ऑडिट? नगरसेवकाला तोंडी नको, लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं तर कळवा, नाही आलं तरी नक्की कळवा. ती बातमी मी करेन.