ऐंशी टक्के म्हणे!

परवा एका मित्राचं ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका जुळली होती, हॉलचा ॲडव्हान्ससुद्धा देऊन झाला होता. मग मुलीकडच्यांना कुठूनतरी कळलं, की मुलाच्या सख्ख्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. "आमचं काही म्हणणं नाही हो, पण रक्तातच असतं ना ते. सायन्सच सांगतं, ऐंशी टक्के!" हे म्हणणारा मुलीचा भाऊ आमच्याच लाइनमधला, इंजिनिअर. एखादी आजी असं म्हणाली असती तर सोडून दिलं असतं.

तर साहेब, ते ऐंशी टक्के एकदा नीट बघूच. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजाराची आनुवंशिकता साधारण ८० टक्के निघते, हे खरं. पण हा आकडा आजार होण्याची शक्यता सांगतच नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकामुळे येतो, एवढंच तो सांगतो. शक्यता हवीय? कोणालाही हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. आई किंवा वडिलांना असेल तर शंभरात साधारण दहा. म्हणजे नव्वद जणांना होत नाही! मामाला असेल तर आणखी कमी.

आपल्याला सवय एक बग शोधायची. इथे तसा एक बग नाही. २०२२ साली 'नेचर'मध्ये सुमारे ७७ हजार रुग्णांचा अभ्यास आला. त्यात स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम इवलासा, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी तुमच्या-माझ्यातही आहेत. शिवाय ते रुग्ण बहुतांश युरोपीय वंशाचे, त्याखालोखाल पूर्व आशियाई. त्यावरून पुण्यातल्या मुलाचं भविष्य सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपले ग्रह काढणं.

अपवाद आहेत. २२व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असेल, तर साधारण चारातल्या एकाला हा आजार होतो. पण असे लोक फार थोडे. आणि हे संशोधन चाललंय ते मेंदूत नेमकं काय बिघडतं ते कळावं, नवी औषधं मिळावीत म्हणून. स्थळं नाकारायला नव्हे.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या मामाला पहिली चार वर्षं डॉक्टरकडे नेलंच नव्हतं. कारण? बहिणीचं लग्न व्हायचं होतं, बाहेर कळायला नको. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड होतं, हे डॉक्टर लोक घसा कोरडा करून सांगतात. ती चार वर्षं कुठल्या जनुकाने नाही खाल्ली. लोक काय म्हणतील, या भीतीने खाल्ली.

मित्राने ठरवलंय, पुढच्या स्थळाला पहिल्याच भेटीत मामाबद्दल सांगायचं. लपवून लग्न करणं चूकच. पण खरं सांगणाऱ्याला आपण दारातूनच परत पाठवणार असू, तर लोक लपवतात म्हणून बोंब मारायचा हक्क आपल्याला नाही.