जमीन आमची हलते, मग वर्गात आम्ही नको?

पहिलं सेमिस्टर संपवून फेब्रुवारीच्या शेवटी मी जर्मनीहून कोयनानगरला घरी आले. रमजान दोन दिवसांवर होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने दोनच प्रश्न विचारले. तिकडे थंडी किती असते? आणि कर्ज किती झालं? थंडीचं उत्तर सोपं होतं. कर्जाचं उत्तर लांब आहे, म्हणून इथे लिहिते.

मी पॉट्सडॅमला भूशास्त्रात एम.एस्सी. करते. बर्लिनला लागून असलेलं हे शहर भूकंपाच्या अभ्यासात मोठं मानलं जातं. 1889 साली जपानमध्ये भूकंप झाला आणि इथल्या एका उपकरणाने त्याची कंपनं टिपली. हजारो किलोमीटर दूरचा भूकंप असा ओळखला गेल्याची ती पहिली वेळ.

नोव्हेंबरात एका तासाला विषय निघाला जलाशयांमुळे होणाऱ्या भूकंपांचा. धरणात पाणी साठतं, ते खडकाच्या भेगांत खोलवर मुरतं, तिथला दाब वाढतो. आधीच ताणाखाली असलेल्या भेगेला मग घसरायला थोडं निमित्त पुरतं. जगभरचं ठळक उदाहरण म्हणून बाईंनी पडद्यावर नाव दाखवलं : कोयना, भारत, 1967, तीव्रता 6.3.

मी हात वर केला. म्हटलं, माझी दादी तेव्हा तिथे होती.

वर्ग वळून बघायला लागला. बाईंनी तास थांबवून विचारलं, त्या रात्रीबद्दल घरी काय सांगतात? मी दादीकडून ऐकलेलं सांगितलं. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. रमजानचा महिना होता. दादी सहरीसाठी उठली होती, चूल पेटलेली, मुलं अर्धवट झोपेत ताटावर बसलेली. आधी जमिनीतून गुरगुर आली, मग भिंत. घर जागं होतं म्हणून सगळे दाराबाहेर पडू शकले. शेजारचं झोपलेलं घर पडलं. त्या पहाटे सुमारे 180 माणसं गेली आणि कोयनानगरची बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. दादा धरणाच्या कामावर गवंडी म्हणून आलेले. ज्या धरणाला त्यांनी दगड लावला, त्याच्या पायथ्याशी त्यांनी ती पहाट बघितली.

बाई म्हणाल्या, एवढी वर्षं हे उदाहरण शिकवते आहे, पण तिथलं माणूस वर्गात पहिल्यांदा भेटलं.

ते वाक्य मी सेमिस्टरभर डोक्यात घेऊन फिरले. कोयनेवर अभ्यास कमी झालेला नाही. आपले शास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षं यावर काम करत आहेत. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे, गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला गेला. पण हे सगळं ज्ञान इंग्रजीत आहे. इकडे धक्का बसला की आमच्या हातात काय येतं? मोबाईलवर फिरणारा ‘धरणाला तडा गेला’ असा मेसेज आणि कुणाच्या तरी पापाचा हिशेब. शाळेत असताना मला कुणी सांगितलं नव्हतं, की माझ्या गावाचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे. ते कळायला मला पॉट्सडॅम गाठावं लागलं. म्हणजे ज्यांची जमीन हलते ते वर्गात नाहीत, आणि जे वर्गात आहेत त्यांची जमीन हलत नाही.

आता कर्जाकडे येते. लोक म्हणतात, जर्मनीत तर शिक्षण फुकट! माझी ट्यूशन फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात अडकवून दाखवावे लागतात. आपल्या पैशात दहा लाखांच्या वर. अब्बांचं टायरचं दुकान आहे. ते कुठून आणणार? कर्ज काढलं. आज शिकता शिकताच महिन्याला नऊ हजारांच्या आसपास व्याज चढतं. आणि आमच्या घरात व्याज हा नुसता आकडा नाही. अब्बांनी आयुष्यात सूद घेतलं नाही, दिलं नाही. मुलीसाठी सही केली, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

नेमक्या याच ओझ्यासाठी केंद्र सरकारची एक योजना होती, ‘पढो परदेश’. 2013-14 मध्ये सुरू झालेली. सहा लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक घरातली मुलं परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढत, तेव्हा शिकण्याच्या काळातलं व्याज सरकार भरायचं. मुद्दल विद्यार्थ्यानेच फेडायची. 35 टक्के वाटा मुलींसाठी राखलेला. 2022-23 पासून ही योजना बंद झाली. त्याच सुमारास मौलाना आझाद फेलोशिपही गेली. तिच्याबद्दल लोकसभेत कारण सांगितलं गेलं, की ती इतर योजनांवर चढते आहे.

हा कसला न्याय? दोन योजना एकमेकींवर चढत असतील तर ‘एका विद्यार्थ्याला एकच’ असा नियम एका ओळीत करता येतो. छत्री दोघांवर येते म्हणून कुणी छत्री मोडत नाही. आणि हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं समजून जे खूश झाले, त्यांनी यादी वाचावी. योजनेत बौद्ध होते, जैन होते, ख्रिस्ती, शीख, पारशी होते. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या पोराचंही व्याज त्या दिवसापासून त्याच्याच बापाच्या डोक्यावर आलं.

‘परदेशातलं शिक्षण ही चैन, ती करदात्यांनी का पोसायची?’ असं विचारणाऱ्यांना मी साताऱ्याचाच दाखला देते. 1900 साली साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला भीमराव नावाचा मुलगा 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या पैशावर न्यूयॉर्कला गेला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्याला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तीन वर्षांनी तो पुन्हा गेला आणि अभ्यास पुरा केला. त्या खर्चाला आज कोण चैन म्हणेल?

पण सगळा राग सरकारवर काढून मी मोकळी होणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही मला ऐकवलं गेलं, की पोरीला एवढ्या लांब कशाला धाडलं, तेवढ्यात लग्न झालं असतं. मुंबईच्या अतिया फैजी 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेल्या आणि तिथली रोजनिशी त्यांनी उर्दूत छापली. शंभर वर्षांहून जास्त झाली, आणि आपण अजून त्याच प्रश्नावर अडलो आहोत. लग्नाच्या मंडपासाठी उधारी काढताना मात्र कुणी सूद विचारत नाही.

या महिन्यात जमातीत जकात गोळा होईल. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात अडकलेला माणूसही आहे. बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्ज-ए-हसना, हे आपल्याकडे मोठं पुण्य मानतात. मग प्रत्येक तालुक्याच्या जमातीने दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना, त्यातली एक मुलगी, कर्ज-ए-हसना द्यायला काय अडचण आहे? लेखी करार करा, फेड ठरवा, हिशेब मशिदीच्या फलकावर लावा. मी नोकरीला लागले की पहिला हप्ता त्या फंडात माझा असेल, हे मी इथे लिहून देते.

सरकारने योजना पुन्हा सुरू करावी, ही मागणी सोडायची नाही. जमातीच्या फंडाने सरकारची जबाबदारी संपत नाही.

माझ्याकडूनही एक देणं आहे. ईद झाली की परत जाण्याआधी मी इथल्या शाळेत दोन तास मागितले आहेत. फळ्यावर धरण काढणार, भेगा काढणार, पाणी कुठे मुरतं ते दाखवणार आणि धक्का बसल्यावर काय करायचं ते सांगणार. सगळं मराठीत. दादीलाही नेणार आहे. गुरगुर कशी येते, ते तिने सांगायचं.