बंद होणाऱ्या खाणीची जमीन : ठराव आजच हवा

खाण उघडते तेव्हां तिची चर्चा गांवोगांव होते. ती बंद पडते तेव्हां तिकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. मागें राहतो तो पाण्यानें भरलेला खोल खड्डा, काठावर मातीदगडाचा उघडा ढीग, आणि त्या ढिगाखालीं ज्याच्या बांध्या आहेत असा कास्तकार. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या सीमेला लागलेल्या तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें, आणि उत्तरेस बालाघाटकडे भरवेली व तिरोडी येथें मँगेनीजच्या खाणी चालू आहेत. चालू आहेत म्हणूनच हा विषय आज काढावा, असें आमचें मत आहे. खाण बंद झाल्यावर आराखडा मागणें म्हणजे पऱ्हे वाळल्यावर पाट मागण्यासारखें होईल.

कायदा मुळींच नाहीं असें नव्हे. खाण बंद करण्याचा आराखडा खाणवाल्यानें द्यावा व त्यासाठीं हमी ठेवावी, असा नियम २००३ सालीं झाला. 'अ' वर्गाच्या खाणीस तेव्हां हेक्टरी २५ हजार रुपये हमी होती. २०२१ च्या दुरुस्तीनें ती ५ लाख ठरली. वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवावी व पुढें जमीन सुधारण्यास वापरावी, हेंहि नियमांत आहे. शिवाय ८ जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारास असें फर्माविलें कीं, काम संपल्यावर खाणीच्या जागेवर पुन्हां गवत उगवून देण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी. ढोरें पाळणाऱ्या गांवास याहून मोठा आधार कोणता?

आतां हें साधतें कसें तें पाहूं. उघड्या ढिगावर नुसतीं रोपें लावून भागत नाहीं. त्यांत कुजलेला पाला नाहीं, ओल टिकत नाहीं, मातीला जिवंत ठेवणारे सूक्ष्म जीव नाहींत. नागपूरच्या नीरी या संस्थेनें त्याच जिल्ह्यांतील गुमगांवच्या मँगेनीज ढिगांवर साखर कारखान्यांतील प्रेसमड घातलें, रोपांच्या मुळांशीं उपकारक बुरशी व नत्र धरणारे जिवाणू दिले, आणि तेथें झाडें वाढवून दाखविलीं. शेणखताचें मोल जाणणाऱ्या वाचकांस यांतलें मर्म सांगावयास नको. वेगळी काढलेली मातीहि उंच ढीग घालून वर्षानुवर्षें ठेवल्यास आंतून मरते; तिचे ढीग ठेंगणे असावेत व त्यांवर ताग किंवा ढेंचा पेरावा.

कांहीं गांवकरी म्हणतात, खड्डा बुजवून आम्हांस धानाच्या बांध्या करून द्या. ही मागणी आम्हांस पटत नाहीं. बांधींत पाणी टिकतें तें खालच्या घट्ट थरामुळें. भरावाची जमीन सैल असते, ती बरींच वर्षें दबत राहते आणि पाणी गिळते. त्यापेक्षां ढिगाचे उतार सौम्य करून त्यांवर गवत व झाडें मागावीं, ढिगाच्या पायथ्याशीं दगडी बांध व चर मागावा म्हणजे पावसांत गाळ आमच्या बांध्यांत उतरणार नाहीं. खड्ड्यांत पाणी राहूं द्यावें. पण खाणीचा खड्डा म्हणजे बोडी नव्हे. बोडींत ढोर सहज उतरतें, खड्ड्याच्या उभ्या कड्यावरून तें कोसळतें. म्हणून एका बाजूस पायऱ्यापायऱ्यांचा उतार, बाकी तिन्ही बाजूंस कुंपण, आणि ओलितापूर्वीं व मासेमारीपूर्वीं पाण्याची तपासणी, एवढें पक्कें करून घ्यावें.

तथापि सर्वांत मोठी गोष्ट दप्तराची आहे. आमची हयात महसूल खात्यांत गेली. कागदावर काय लिहिलें आहे यावर जमिनीचें पुढचें आयुष्य ठरतें, हें आम्ही रोज पाहिलें. 'झुडपी जंगल' या दोन शब्दांच्या नोंदीचा वाद २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला होता. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पण पाळ कोणी बांधावी व गाळ कोणी काढावा याची घडी नीट बसली नाहीं, आणि भंडारा-गोंदियांतील कित्येक तलाव गाळानें भरले. बंद खाणीचें पाणी व गवत यांची तीच गत होऊं नये. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ प्रमाणें विदर्भांत निस्तारपत्रक असतें. खाणीची जमीन सरकारी असेल तर तिच्यावरील चराई व पाण्याचा हक्क त्यांत चढवून घ्यावा. ती कास्तकाराची असेल तर कोणत्या स्थितींत व केव्हां परत मिळेल हें लेखी घ्यावें.

अशी मागणी केल्यास मजुरांची भाकर जाईल, असा आक्षेप कोणी घेतील. उलट उतार करणें, चर खोदणें, रोपें जगविणें हीं सर्व कामें त्याच मजुरांच्या हातची आहेत.

सबब खाणीलगतच्या प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करावा, आराखड्याची नक्कल मागावी, आणि वरील गोष्टी त्यांत नसतील तर नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्यावी. हमीची रक्कम एकदां परत गेली म्हणजे हरकतीस वजन राहणार नाहीं.